एचडी रेकॉर्डर घेतला आणि एका वायरीसाठी भांडत बसले : माझा अनुभव

एचडी रेकॉर्डर, म्हणजे कार्यक्रम आतल्या डिस्कवर रेकॉर्ड करणारा डिश टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, घेऊ का असं कुणी विचारलं की मी हल्ली उलट विचारते, डिशपासून तुमच्या टीव्हीपर्यंत वायरी किती येतात? समोरचा बघतच राहतो. पण या एका वायरीवरून माझं जे डोकं फिरलं ना, ते अजून पूर्ण ताळ्यावर आलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घ्यायचं कारण साधंच होतं. घरात टीव्ही एक, बघणारे चार, आणि सासूबाईंची मालिका अन् मुलाची मॅच नेमकी एकाच वेळेला. बॉक्सवर ठळक लिहिलेलं, दोन ट्यूनर (चॅनल पकडणारे भाग), एक चॅनल बघा दुसरं रेकॉर्ड करा. म्हटलं झालं, भांडण मिटलं. ऑर्डर, अ‍ॅक्टिव्हेशन वगैरे सगळं सुरळीत झालं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पिक्चर तर खरंच झकास. आधी 720 बाय 576 होतं ते 1920 बाय 1080 झालं म्हणजे ठिपके बरोब्बर पाचपट, मॅचमध्ये बॉल शोधावा लागत नाही. मात्र सगळी एचडी चॅनल्स खरी एचडी नसतात, काही जण जुनंच चित्रीकरण ताणून दाखवतात आणि नावापुढे एचडी लावतात. आणि टीव्ही लहान असून तुम्ही लांब बसत असाल तर फरक फारसा जाणवणार नाही, हे आधीच सांगते.

आता मुख्य दुखणं. मॅच रेकॉर्डिंगला लावली, मालिका लावायला गेले तर स्क्रीनवर 'सिग्नल उपलब्ध नाही'. रेकॉर्डिंग बंद केलं की मालिका लगेच दिसते. बरं, रोजच असं झालं असतं तर बॉक्स खराब म्हणून परत केला असता, पण कधीकधी चालायचं! बातम्या रेकॉर्ड करता करता सिनेमा दिसायचा, मॅच रेकॉर्ड करताना तोच सिनेमा गायब. त्यात पाऊस नाही, वारा नाही, काही नाही.

कस्टमर केअरला फोन. "मॅडम, बॉक्स रीस्टार्ट करा." केला. "मॅडम, वायर काढून परत लावा." लावली. "मॅडम, फॅक्टरी रीसेट करून बघा." इथे मी थांबले, कारण मेनूत खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की रीसेट केलं तर सगळी रेकॉर्डिंग्ज पुसली जातील, आणि हे त्या मुलीने एका शब्दाने सांगितलं नव्हतं. विचारल्यावर म्हणते, हो ते जाईल मॅडम. म्हणजे मी वाचलं नसतं तर गेलंच होतं सगळं! तर कुणी फोनवर रीसेट म्हटलं की आधी विचारा डिस्क पुसली जाणार का.

मग टेक्निशियन आला. टीव्ही लावला, पिक्चर बघितलं, "एकदम क्लियर आहे की ताई", सही घेतली, गेला. मी त्याला म्हणतेय अहो दोन चॅनल्स एकदम लावून बघा, तर त्याला पुढच्या घरी जायची घाई. संध्याकाळी मेसेज, तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे. कुणी सोडवली? परत फोन, परत नवीन माणूस, परत पहिल्यापासून सगळी कहाणी, आणि परत रीस्टार्ट. फोन ठेवताना तर तो विचारतो, आणखी काही मदत करू का. आधीची तरी करा!

शेवटी मी वही घेऊन बसले. कुठलं चॅनल रेकॉर्डिंगला लावलं की कुठली दिसतात, कुठली जातात, सगळं लिहून काढलं. आणि मजा म्हणजे पक्के गट पडले. एका गटातली चॅनल्स एकमेकांबरोबर आरामात चालतात, दुसऱ्या गटातलं लावलं की सिग्नल गेला. ही वही मी पुढच्या टेक्निशियनच्या हातात दिली. हे जरा वयस्कर काका होते, त्यांनी टीव्हीकडे पाहिलंसुद्धा नाही, थेट बॉक्स फिरवला आणि मागे बोट दाखवलं. मागे ट्यूनरच्या इनपुटची दोन भोकं, डिशची वायर एकाच भोकात, आणि दुसऱ्या ट्यूनरला पहिल्याकडूनच वीतभर वायरचा तुकडा जोडलेला. बसवणाऱ्याने वरून दुसरी वायर ओढायचा कंटाळा केलेला!

काकांनी समजावलं ते असं. डिशच्या तोंडाशी सिग्नल पकडणारा जो डबा, म्हणजे एलएनबी, असतो त्याच्याकडून एका वेळी एका वायरीवर सगळी चॅनल्स येतच नाहीत. बॉक्स वायरीतून वर 13 व्होल्ट पाठवतो तेव्हा उभ्या पोलरायझेशनची (म्हणजे उभ्या लहरींवरची) चॅनल्स येतात, 18 व्होल्ट पाठवले की आडव्या, आणि त्यावर 22 किलोहर्ट्झचा टोन दिला की वरचा बँड (फ्रिक्वेन्सीचा पट्टा), नाही दिला तर खालचा. म्हणजे चार गट झाले. वायर एकच असली की पहिला ट्यूनर जो गट मागेल तोच दुसऱ्याला मिळणार. एका रिमोटवर दोघं बसल्यासारखं. साधा स्प्लिटर (एका वायरीच्या दोन करणारा जोड) लावूनही हे सुटत नाही, त्याला दोन तोंडांचा एलएनबी लागतो आणि बॉक्सपर्यंत दोन स्वतंत्र वायरी. (एका वायरीवर चालणारा वेगळा प्रकारही असतो, पण त्यासाठी एलएनबी आणि बॉक्स दोन्ही तसेच लागतात.)

काकांनी एलएनबी बदलला, वायर ओढली, काम झालं. मालिका चालू, मॅच रेकॉर्ड, घरात शांतता. मला आनंद होण्यापेक्षा संतापच जास्त आला, कारण इतक्या फोनमध्ये एकानेही विचारलं नाही की बॉक्सला वायरी किती आहेत. म्हणून बसवायला माणूस आला की तो असतानाच एक चॅनल रेकॉर्डिंगला लावा आणि बाकीची पाच-सात फिरवून बघा, मगच सही करा. केबलवाल्यांना ही भानगड नाही बरं का, तिथे एकाच वायरीवर सगळं येतं, हे फक्त डिशचं.

बाकी सुचेल तसं लिहिते. डिस्क किती मोठी घ्यावी? एचडी चॅनल 8 मेगाबिटने येत असेल तर तासाला साधारण 3.6 जीबी जातात, म्हणजे 500 जीबीत सव्वाशे-दीडशे तासांच्या मधे कुठेतरी. जाहिरातीत जे मोठमोठे तास लिहितात ते बहुतेक वेळा साध्या चॅनलचे असतात, ते नीट वाचा. एचडीएमआय केबल महाग घेऊ नका, साधी चांगली चालते, महागड्या केबलने पिक्चर काही सुधारत नाही.

आणि रेकॉर्डिंग आपलं नसतं हे डोक्यात ठेवा. अशा बॉक्सवर ते कुलूपबंद असतं, डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली तर काही दिसत नाही, बॉक्स बिघडून बदलून मिळाला तर जुनं सगळं गेलं. म्हणजे बघायचं आणि पुसायचं, जपून ठेवायला हे यंत्र नाहीच.

बॉक्स बंद कपाटात कोंबू नका, लाइव्ह थांबवता यावं म्हणून आतली डिस्क सारखी फिरत असते, चांगला तापतो. झोपायच्या खोलीत ठेवलात तर रात्री घरघर पण ऐकू येते.

मग घ्यावा का? सगळं स्ट्रीमिंगवरच बघत असाल तर अजिबात नको, उगाच एक डबा वाढेल. पण मॅच, रोजच्या मालिका, जाहिराती पळवायची सवय, नेटचा भरवसा नाही, असं असेल तर मी तरी घ्याच म्हणेन. आमच्याकडे आता कुणी साध्या बॉक्सवर परत जायला तयार नाही.

अरे हो, मॅच रेकॉर्ड करताना शेवटची वेळ किमान तासभर वाढवून ठेवा. बॉक्स गाइडमधल्या वेळेला रेकॉर्डिंग बंद करतो, त्याला सुपर ओव्हर कळत नाही.