फेडलेल्या कर्जावर 'थकीत'चा शिक्का
आज सकाळपासून डोकं भणभणलंय. नवीन कर्जाचा अर्ज नाकारला. कारण विचारलं, तर क्रेडिट रिपोर्टवर डिफॉल्ट दिसतोय म्हणे. रिपोर्ट काढून पाहिला. जे कर्ज शेवटच्या हप्त्यापर्यंत वेळेवर फेडलं, नेमकं त्याच खात्यापुढे 'थकीत'. खातं बंद झाल्याची तारीख रिकामी, बाकी रक्कम मात्र छापलेली.

दिवसभर मागे लागल्यावर एक गोष्ट पक्की कळली. क्रेडिट ब्युरो, म्हणजे हा रिपोर्ट बनवणारी संस्था, मनाने नोंद बदलत नाही, बँक जे कळवते तेच तिथे दिसतं. आपण हरकत घेतली की ब्युरो पुन्हा त्याच बँकेला विचारतो, आणि तिने 'नोंद बरोबर आहे' म्हटलं की नोंद तशीच राहते. म्हणून ब्युरोकडे तक्रार टाकलीच, पण बँकेलाही लेखी पत्र देऊन पोच घेतली. 'रिपोर्ट चुकलाय' असं मोघम लिहून भागत नाही. खाते क्रमांक, चुकीची नोंद कोणती, तिथे काय हवं, सोबत ना-देय दाखला (कर्जाचं काही देणं उरलं नाही असं बँकेचं पत्र) आणि शेवटचा हप्ता गेल्याचं स्टेटमेंट. कर्ज फिटलं असेल आणि हा दाखला घेतला नसेल, तर आधी तो मागून घ्या, खरंच.

चूक त्यांची आणि पुरावे गोळा करायचे आपण, याचा फार राग येतो.

आणि ब्युरो एकच नसतो. एकाकडे सुधारलं म्हणजे सगळीकडे सुधारलं असं नाही, त्यामुळे उद्या बाकीचे रिपोर्टही काढतेय.

तुमच्यापैकी कुणी यातून गेलंय का? बँकेने दाद दिली नाही तर पुढे कुणाकडे गेलात?