गळती बुजवणारे पॅच वाचताना: महिना तिसरा

या महिन्यात अकरा पॅच (कोडमध्ये सुचवलेले बदल) वाचायला घेतले; दहा झाले, अकरावा अजून हातात आहे. सगळे एकाच जातीचे: लिनक्स कर्नलमधल्या कुठल्यातरी ड्रायव्हरचा प्रोब, म्हणजे चिप ओळखून सुरू करणारं फंक्शन, अर्ध्यात फसतो, आधी घेतलेलं काहीतरी परत करायचं राहून जातं, आणि ते परत करणाऱ्या दोन-तीन ओळी. पहिल्या महिन्यात असा पॅच मी चहा संपेपर्यंत उरकायचो. आता एकेकाला अख्खी संध्याकाळ जाते. अकरापैकी तीन चुकीचे निघाले, आणि तिन्ही मूळ गळतीपेक्षा वाईट होते.

इतकं सावध व्हायचं कारण माझीच फजिती. एका पॅचमध्ये एरर आल्यावर क्लॉक (चिपला ठोके देणारा सिग्नल) बंद करायची ओळ घातली होती. डिफमध्ये, म्हणजे पॅचच्या मजकुरात, बदललेल्या ओळी आणि त्यांच्या वरच्या तीन, खालच्या तीन ओळी दिसतात, तेवढ्यात सगळं चोख होतं. मी रिव्ह्यूड-बाय (‘तपासला, ठीक आहे’ अशी सही) देऊन मोकळा झालो. दोन दिवसांनी दुसऱ्या एकाने दाखवलं की साठेक ओळी खाली, एरर आल्यावर गोटू उडी मारून जिथे जातं त्या लेबलाखाली, तेच क्लॉक आधीच बंद होत होतं. म्हणजे आता दोनदा. तेव्हापासून डिफ वाचत नाही; पॅच लावतो आणि पूर्ण फंक्शन वरून खाली, मग लेबलं खालून वर वाचतो.

‘प्रोब असा फसतोच किती वेळा?’ असं कुणीतरी मागे विचारलं होतं. बूट होताना सर्रास फसतो. चिपला लागणारा रेग्युलेटर (वीज पुरवणारा भाग) अजून उभा नसेल तर ड्रायव्हर ‘प्रोब डिफर’चा एरर कोड देऊन माघारी येतो आणि कर्नल त्याला नंतर पुन्हा बोलावतो. चार वेळा बोलावलं आणि प्रत्येक वेळी एक रेफरन्स (‘ही गोष्ट वापरात आहे’ अशी मोजलेली नोंद) सांडला, तर लॉगिन यायच्या आत चार गेले.

आता तीन चुकीच्या पॅचपैकी पहिला, आणि यंदाचा सगळ्यात मजेशीर. चार चॅनेलचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारी चिप), प्रत्येक चॅनेलसाठी डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय काय आहे त्याच्या वर्णनात) एक चाइल्ड नोड, आणि ते वाचणारा ‘फॉर_ईच_चाइल्ड_ऑफ_नोड’चा लूप. हा मॅक्रो पुढच्या नोडचा रेफरन्स घेतो आणि मागच्याचा सोडतो. मधूनच रिटर्न केलं तर हातातल्या नोडचा रेफरन्स तसाच राहतो. पॅचवाल्याने रिटर्नच्या आधी ‘ऑफ_नोड_पुट’ घातला. बरोबर. पण त्याच लूपमध्ये एक कंटिन्यू होतं, ज्या नोडला ‘रेग’ (इथे चॅनेलचा क्रमांक) नाही तो वगळण्यासाठी. भरात त्याच्या आधीही एक पुट पडला. कंटिन्यू झाल्यावर मॅक्रो तो नोड स्वतःच सोडतो, म्हणजे एका घेण्यावर दोन सोडणी.

पॅचखाली ‘बोर्डावर चालवून पाहिलं’ असं लिहिलेलं होतं आणि ते खरंही असणार. कारण कर्नल ‘ऑफ_डायनॅमिक’ या पर्यायाशिवाय बांधला असेल तर ‘ऑफ_नोड_गेट’ आणि ‘ऑफ_नोड_पुट’ काहीच करत नाहीत, रिकामी फंक्शनं आहेत. गळती असो की दुप्पट सोडणं, तिथे दिसणार कुठून? मी रास्पबेरी पायवर ओव्हरले (चालू कर्नलच्या डिव्हाइस ट्रीत जोडता-काढता येणारा तुकडा) लावून तपासलं. मूळ कोड घेऊन एरर घडवला आणि ओव्हरले काढला, तर कर्नल सांगतो की मोजणी १ अपेक्षित होती, आहे २. पॅच लावला, बिनरेगचा नोड ठेवला आणि बाइंड-अनबाइंड (ड्रायव्हर डिव्हाइसला जोडणं-सोडवणं) करत राहिलो, तर काही फेऱ्यांनी चुकीच्या ‘ऑफ_नोड_पुट’ची तक्रार आणि सोबत स्टॅक. (ओव्हरले लावतानाच ‘काढलात तर मेमरी गळेल’ अशा ज्या ओळी येतात त्या वेगळ्या. पहिल्या दिवशी त्यांच्या मागे लागून दोन तास घालवले.)

दुसरा चुकीचा पॅच: ‘डिव्हाइस_रजिस्टर’ फसलं, म्हणून ‘केफ्री’, म्हणजे मेमरी थेट परत. अगदी स्वाभाविक वाटतं ना? पण ते फंक्शन फसलं तरी आत रेफरन्स मोजणी सुरू झालेली असते. कर्नलमध्ये त्या फंक्शनच्या वरच बजावून ठेवलंय की हे बोलावल्यावर, एरर आला तरीही, डिव्हाइस थेट फ्री करू नका, ‘पुट_डिव्हाइस’ करा. नावाची मेमरीही त्यातूनच सुटते. इथे पॅचवाल्याने दोन्ही केले. पुट केल्यावर रिलीज कॉलबॅकने स्ट्रक्चर फ्री केलं, आणि पुढच्या ओळीत पुन्हा केफ्री. एका गळतीच्या बदल्यात डबल फ्री.

तिसरा पॅच जरा खोल होता. ड्रायव्हरचा एक बफर मेमरी मागणाऱ्या साध्या ‘केझॅलॉक’ने घेतलेला, रिमूव्हमध्ये (ड्रायव्हर सोडवताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) कुणी फ्री करत नव्हतं. पॅचने रिमूव्हमध्ये केफ्री घातलं. पण इंटरप्ट (चिपने प्रोसेसरला दिलेली हाक) मात्र ‘डेव्हएम’वाल्या फंक्शनने मागितलेला. डेव्हएम म्हणजे डिव्हाइसच्या नावावर चढवलेली मालमत्ता, २००७ च्या २.६.२१ पासून कर्नलमध्ये आहे. ती उलट्या क्रमाने आपोआप सुटते, पण रिमूव्ह पूर्ण झाल्यानंतर. म्हणजे बफर गेला, इंटरप्ट अजून जिवंत. त्या फटीत चिपने एक इंटरप्ट टाकला की तो हाताळणारं फंक्शन, म्हणजे हँडलर, गेलेल्या मेमरीत लिहिणार. केसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं कर्नलचं साधन) चालू ठेवून अनबाइंड करताना मुद्दाम सिग्नल देत राहिलो. सातव्या खेपेला पकडला. मी सुचवलं ते एवढंच: बफरही डेव्हएमने घ्या, आणि इंटरप्ट मागायच्या आधी घ्या.

पॉवर मॅनेजमेंटचे दोन पॅच ठीक होते. ‘पीएम_रनटाइम_गेट_सिंक’ फसलं तरी मोजणी वाढवून बसतं, ही जुनी खोड. २०२० मध्ये ५.१० बरोबर ‘रिझ्यूम_अँड_गेट’ आलं ते यासाठीच. तो बदल दिसला की मी एवढंच पाहतो, जुन्या एरर वाटेवर एखादा पुट शिल्लक राहिलाय का.

एक आठवण यानिमित्ताने. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांचं ते २०२१ चं प्रकरण. किरकोळ दोष सुधारणारा दिसणारा पॅच आत यूज-आफ्टर-फ्री (परत केलेल्या मेमरीचा वापर) आणू शकतो, हेच त्यांना दाखवायचं होतं. त्यावरून कर्नलचे एक प्रमुख मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठातून आलेले १९० पॅच उलटवायची मालिका पाठवली. संशोधकांची पद्धत मला अजूनही पटत नाही, माणसांवर न सांगता प्रयोग करणं बरं नव्हे. पण माझे तिघे पॅचवाले प्रामाणिक होते आणि त्यांच्या हातून नेमकं तेच झालं.

तपासणीचा सेटअप आता असा. मेमरीची गळती शोधणारा केमेमलीक चालू असतो. तो दर दहा मिनिटांनी स्वतः स्कॅन करतो, पण मी फाइलमध्ये ‘स्कॅन’ लिहून लगेच करवतो. त्याला फक्त मेमरी कळते. क्लॉकसाठी डीबगएफएसमधला (कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या फाइलींमधला) ‘क्लक_समरी’ प्रोबच्या आधी आणि नंतर कॉपी करून डिफ, रेग्युलेटरसाठी ‘नम_यूझर्स’.

खरी मजा फॉल्ट इंजेक्शनची, म्हणजे मुद्दाम एरर घडवण्याची. ‘फेल-एनथ’ फाइलमध्ये आकडा लिहिला की त्या टास्कचं त्या क्रमांकाचं अॅलोकेशन (मेमरी मागणं) फसतं. सी मधला चाळीस ओळींचा प्रोग्राम लिहिला: बाइंडची फाइल आधीच उघडून ठेवायची (नाहीतर उघडतानाची अॅलोकेशनंही मोजली जातात), आकडा लिहायचा, मग डिव्हाइसचं नाव. प्रोब त्याच टास्कमध्ये चालतो, म्हणून नेम बरोबर लागतो. १, २, ३ करत जायचं. परत वाचल्यावर शून्य नसेल तर समजायचं की फसवायला काही उरलं नाही. मेमरी मागणं फसवणाऱ्या ‘फेलस्लॅब’मधलं ‘इग्नोर-जीएफपी-वेट’ एन (बंद) करायला विसरू नका. मी विसरलो होतो, आणि एक अख्खा रविवार सगळे ड्रायव्हर निर्दोष वाटले.

अकरावा पॅच अजून हातात आहे. लूप २३ वर पोचला की प्रोब फसतो, केमेमलीक गप्प, पण ‘क्लक_समरी’त एक क्लॉक १ वरून २ वर गेलेलं दिसतं. त्या वाटेवर गोटू नाही, सरळ रिटर्न आहे, आणि पॅचवाल्याने नेमकी तीच वाट सोडलीय. आज रात्री त्याला लिहितो.