आकडे तर नेले, पण निघालं काय?

"लिहून तं नेता बाई, पन काय निंगालं थे सांगाले कोनी येत नाही." आज सकाळी वावरात आईनं कृषीकन्येला सरळ असं म्हटलं आणि पोरगी एकदम गप्पच झाली.

बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाच्या पोरी आहेत, रावेसाठी, म्हणजे गावात राहून शेतीकामाचा अनुभव घ्यायच्या अभ्यासक्रमासाठी, आमच्या गावात राहतात. काम मनापासून करतात हो. आज पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, डोमकळ्या मोजत होत्या, म्हणजे गुलाबी बोंडअळीनं आतून पाकळ्या गुंडाळून टाकलेली फुलं, मग कामगंध सापळ्यातले, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढून घेणाऱ्या सापळ्यातले, पतंग मोजले. एका सापळ्यात रोज ८ पतंग असे सलग ३ दिवस सापडले की फवारणीचं बघायचं, हे तिनं आईला इतकं नीट समजावलं की आईनं स्वतः एक हिरवं बोंड फोडून आतली अळी तिच्या तळहातावर ठेवली.

आणि मग आई ते वरचं वाक्य बोलली.

खरंय तिचं. दरवर्षी पोरं येतात, फॉर्म भरतात, फोटो काढतात, रिपोर्ट कॉलेजात जमा होतो, मार्क पडतात. आमच्याच वावराचं त्यात लिहिलेलं असतं पण गावात त्याची एक झेरॉक्स येत नाही. पोरींचा दोष नाही यात, त्यांच्या वेळापत्रकात परत येऊन सांगायला दिवसच नसतो. ठेवा ना एक दिवस, ग्रामपंचायतीत बसून वाचून दाखवा, कोणाच्या वावरात किती अळी निघाली, फवारणी कुठं उशिरा झाली. लोकांना मी बोलावून आणतो.

तुमच्या गावात कधी कोणी परत येऊन सांगितलंय का?