दारावरनं जाणारी गाडी

आत्यांच्याकडचं हळदीकुंकू आटपून आले त्याला बराच वेळ झाला, मागचं आवरून झालं, विरजण लावून झालं, तरी डोक्यातनं जात नाहीये म्हणून लिहायला बसले.

खरंतर काहीच झालं नाही. वाण घेतलं, तिळगूळ घेतला, चपला घालताना मी आपलं सहज म्हणलं, आत्या, किती दिवस झाले, या की निवांत घरी. तर कोयरीचं झाकण लावत त्या म्हणाल्या, "अगं दिसता की रोज. गाडी जाते ना दारावरनं. काचा वर असतात, पण दादा पुढं बसलेला दिसतो."

बास, एवढंच. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं, घरी येऊन नवऱ्याला सांगून मोकळी झाले असते. आत्या टोमणे मारत नाहीत. जाऊबाईंचं वेगळं, ते जाऊ दे. त्यांनी अगदी साधं सांगितलं, आज भाजी काय केली ते सांगावं तसं, आणि माझ्या पोटात जे कसंतरी झालं ते अजून तसंच आहे.

दादा पुढं बसलेला दिसतो. दादा म्हणजे आमचे अप्पा, आत्यांचा सख्खा भाऊ. आमच्या साताऱ्यात समर्थ मंदिराकडनं राजवाड्याकडं उतरायला लागलं की चिमणपुऱ्यात त्यांचं घर, आमच्या दारातनं रमतगमत निघालं तरी सात-आठ मिनिटं. सकाळी शाळेला तिथनंच, संध्याकाळी क्लासला तिथनंच, मंगळवारी अप्पांना ढोल्या गणपतीला न्यायचं तेही तिथनंच. आणि भावाबहिणीची भेट कधी, तर भाऊबीजेला आणि कुणाच्या लग्नाला.

अप्पांना त्या दिसत असतील का? मी सारखा तोच विचार करतेय. अप्पांचं तोंड समोर असतं, चष्मा जुना झालाय, आणि मी गाडी चालवत असले तर नेमकं तिथंच वळण, समोरनं रिक्षा, मागनं कुणीतरी हॉर्न मारतंय, माझं सगळं लक्ष तिकडं. आत्यांचा ओटा मला आठवतो, दार आठवतं, दाराला लावलेलं तोरण आठवतं. ओट्यावर बसलेल्या आत्या आठवायला गेले तर येतच नाहीत डोळ्यासमोर. आणि त्यांना मात्र आम्ही सगळे आठवतो, कोण कुठं बसलंय ते सुद्धा.

आता मी काय करायला पाहिजे होतं? सकाळी दोन डबे, अप्पांची जेवणाआधीची गोळी, चिऊची वेणी, थोरल्याची कुठलीतरी वही ऐनवेळी सापडत नाही, मग मला आवरून ऑफिस गाठायचं. चालत गेलं तर जायला सात मिनिटं असतील, येताना चढ, दहा धरा, आणि मधे आत्या हाक मारणार, चहा टाकते म्हणणार, नको म्हणलं तर त्यांना वाईट वाटणार आणि हो म्हणलं तर माझा लेटमार्क. कुणी विचारतं का मला की बाई तू हे सगळं कसं बसवतेस? सगळ्यांना गाडी दिसते फक्त. काचा वर असतात म्हणे, अहो रस्ता खोदून ठेवलाय, धूळ येते, चिऊला लगेच शिंका सुरू होतात, म्हणून वर असतात. मला कुणाला टाळायचंय म्हणून नाही. हे त्यांना सांगायचं राहिलंच. सांगण्यासारखंही काही नव्हतं, त्यांनी विचारलंच कुठं होतं.

पण एक आहे, ते आत्ता लिहिताना जाणवतंय. गाडीनं तसा वेळ फारसा वाचत नाही. आमच्या बोळातनं गाडी काढायची म्हणजे आधी शेजारच्या काकांची ॲक्टिव्हा सरकवायची, आरसे मिटायचे, थोरल्यानं मागं उभं राहून येऊ दे येऊ दे बास बास करायचं, मग अप्पांना बसवायचं, त्यांचा बेल्ट आपण लावायचा. तेवढ्यात चालणारा माणूस अर्ध्यावर पोचलेला असतो. शनिवारी संध्याकाळी राजवाड्याला जायचं तर गोल बागेला चकरा मारून कुठंतरी लांब जागा मिळते आणि तिथनं परत चालायचंच. वाचतं ते मधलं थांबणं. कुणी हाक मारत नाही, कुणी विचारत नाही कुठं निघालीस, आणि घाईत असताना ते किती बरं वाटतं ते मलाच माहिती. पण आत्यांचं घर त्या मधल्या भागात येतं, दोन टोकांपैकी एका टोकाला असतं तर रोज भेटलो असतो.

दिवाळीनंतर बॅटरी बसली होती तेव्हा गॅरेजवाला जे म्हणाला ते तेव्हा नुसतं ऐकून घेतलं होतं, आज परत आठवलं. म्हणाला, वहिनी, तुमची गाडी चालते कुठं, नुसती चालू-बंद होते. त्यानं नीट समजावून सांगितलं होतं, स्टार्टर मारताना बॅटरीतनं जेवढं जातं तेवढं भरून यायला गाडी थोडा वेळ तरी पळायला पाहिजे, दीड-दोन मिनिटांत ते होत नाही, आणि रोज असंच केलं की बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं. सायलेन्सरमध्ये पाणी धरतं ते तापून उडून जायला पाहिजे, नाहीतर आतनं गंजतो. आणि धूर साफ करणारा जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो तो तीनेकशे डिग्रीपर्यंत तापल्याशिवाय कामालाच लागत नाही. मीटरवरचा तो निळा दिवा, इंजिन गार आहे सांगणारा, तो थंडीत विझायच्या आत आम्ही शाळेच्या गेटपाशी पोचलेलो असतो. म्हणजे गाडीचा सगळ्यात वाईट धूर आम्ही नेमका पोरांच्या घोळक्यात सोडतो आणि माघारी येतो. चिऊच्या शिंकांसाठी काचा वर, आणि बाहेर तिच्याच वर्गातली पोरं. हे मला तेव्हा कसं सुचलं नाही कुणास ठाऊक. जाऊ दे, आत्ता त्यात शिरले तर रात्र जाईल.

नवऱ्याला सांगितलं आत्या असं म्हणाल्या. तो म्हणाला, मग थांबत जा की एखाद दिवशी. झालं त्याचं. हा माणूस पावसाळ्यात हिल मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट पळत चढून उतरतो, एकवीस किलोमीटर, आणि दूध संपलं की गाडीची किल्ली उचलतो. मी म्हणलं थांबायचं म्हणजे गाडी कुठं लावू, त्यांच्या दारात लावली तर मागं रांग लागते. तर म्हणे मग चालत जा. चालत जा म्हणणं सोपं आहे. चिऊचा हात धरून त्या उतारावरनं चालून बघ म्हणावं. फूटपाथ आहे तिथं त्याच्यावर गाड्या लावलेल्या किंवा कुणाच्या जिन्याची पायरी आलेली, नाही तिथं गटाराची फरशी, तीही हलती, आणि उतारावर बाईकवाले इंजिन बंद करून येतात, आवाजच येत नाही, एकदम कोपराला वारा लागतो तेव्हा कळतं. रस्त्यांचे नियम करणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसनं लिहून ठेवलंय की चालायला कमीत कमी १.८ मीटर मोकळी रुंदी पाहिजे. आमच्याकडं मी आणि चिऊ शेजारी शेजारी चालू शकत नाही, ती पुढं मी मागं. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ नुसती चालणारी होती. हा आकडा वाचल्यापासून मला तिचा हात सोडवत नाही. म्हणून गाडी. आळस म्हणून नाही. हे मला कुणीतरी एकदा मान्य करायला पाहिजे.

अप्पांना काही सांगितलं नव्हतं मी. सांगणारही नव्हते, उगाच मनाला लावून घेतील. ते जेवण करून नेहमीसारखे सोप्यातनं माजघरात, माजघरातनं सोप्यात फेऱ्या मारत होते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला, शुगर एकदम चढत नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून न चुकता करतात, आणि बरोबरच आहे ते, पाय हलले की स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, रिपोर्टमध्ये फरक दिसलाय. फक्त सोपा तेवढा लहान आहे, पाच पावलांवर भिंत येते आणि वळावं लागतं. मी भांडी पुसत होते, ते थांबले आणि म्हणाले, "ताईकडं कोण कोण आलं होतं?"

अप्पा तिला ताई म्हणतात, धाकटी असून.

मी सांगितलं कोण कोण होतं, वाणात काय दिलं ते दाखवलं. त्यांनी ती छोटी स्टीलची वाटी हातात घेऊन उलटीसुलटी करून बघितली, खालचं नाव वाचलं. मग म्हणाले, "मला देवळात नेताना सोडत जा तू गाडीनं. येताना नको येऊ. येताना मी येतो माझा."

मी म्हणलं अप्पा, येताना तर चढ आहे. तर म्हणाले, "चढाचं काही नाही गं. गुडघा उतारालाच दुखतो. चढाला नुसता दम लागतो, दम लागला की बसायचं." हे मला खरंच माहिती नव्हतं. गुडघेदुखी म्हणलं की मी आपलं चढ म्हणजे त्रास असंच धरून चालले होते, देवळातनं वर यायलाच गाडी जास्त लागणार असं. पण बरोबर आहे, उतरताना अंगाचा सगळा भार गुडघ्यावर येतो, आईचं पण तसंच होतं, जिना चढायची आणि उतरताना कठड्याला धरून एक-एक पायरी. आईचं आत्ता नको.

कुठं बसणार म्हणून मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. दम लागायची जागा मला साधारण माहिती आहे.

एवढे दिवस आम्ही त्यांना दोन्ही वेळा गाडीनं नेऊन आणून सोप्यात चालायला लावत होतो. मला एकदम हलकं वाटलं ते ऐकून, रडू येईल असं वाटत होतं संध्याकाळपासून ते गेलं. सगळं चालत करायचं की सगळं गाडीनं, असं मी उगाच डोक्यात मांडून बसले होते. सकाळची शाळा गाडीनंच जाणार, ते बदलणार नाही, माझ्याच्यानं होणार नाही आणि त्या वेळच्या ट्रॅफिकमध्ये चिऊला मी चालवणार पण नाही. आत्या बघतील गाडी, बघू देत, काच खाली करून हात तरी करता येईल, तेवढी धूळ खाऊ. संध्याकाळचं वेगळं आहे. संध्याकाळी क्लासला थोरला त्याचा त्याचा जाऊ शकतो, चांगला उंच झालाय, त्याला सोडायला गाडी काढायची सवय नवऱ्याची आहे, ती त्यानं बघावी. आणि अप्पांचं जाताना गाडी, येताना पाय. नवरा लगेच म्हणाला, त्यांना वाटेत काही झालं तर? म्हणलं खिशात फोन असतो, ओळखीची घरं आहेत दुतर्फा, कोण ना कोण खुर्ची टाकेल. काठी घ्यायला लावायची तेवढी, ती घेत नाहीत, म्हातारा दिसतो म्हणतात. त्यावर आमचं अजून ठरायचंय.

रथसप्तमी यायच्या आत अजून बरीच घरं राहिलीत हळदीकुंकवाची. उद्या मावशींच्याकडं, त्या मंगळवार तळ्यापाशी, म्हणजे तेही जवळच. चालत जायचं ठरवलंय, मी आणि चिऊ. काठापदराची साडी नेसून त्या फरशीवरनं जमणार नाही, ड्रेस घालेन, मावशी काही म्हणणार नाहीत. अंधार पडायच्या आत परत यायचं म्हणजे साडेपाचला निघायला पाहिजे. वाणाला कापडी पिशवी. आणि चिऊला बूट घालायला लावायचे, त्या नव्या सँडलनं तिची टाच सोलते.