‘प्रिये पहा’ ही भूपाळी नव्हे

आवडती प्रेमगीते सांगताना मी ‘संगीत सौभद्रा’तल्या ‘प्रिये पहा’ या पदाचे नाव घेतो आणि दर वेळी कोणी ना कोणी विचारतेच, की ही तर पहाटे देवाला जागवणारी भूपाळी, हिच्यात प्रेम कुठे आहे? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ १८८२ साली पुण्यात रंगभूमीवर आले. त्यातला कृष्ण रुक्मिणीचा रुसवा काढताना ‘नच सुंदरि करूं कोपा’ म्हणतो, ते प्रेमगीत आहे याविषयी कोणालाच शंका नसते, कारण त्यात उघड आर्जव आहे. ‘प्रिये पहा’ही कृष्ण रुक्मिणीलाच म्हणतो, पण त्यात आर्जव नाही, रूपाची स्तुती नाही, ‘प्रिये’ हे संबोधन सोडले तर प्रेमाचा एक शब्दही नाही. पक्ष्यांचे कूजन, भुंग्यांचा गुंजारव, उमलणारी कमळे ही सारी सामग्री कोणत्याही भूपाळीत शोभावी अशीच आहे.

मात्र ‘थंडगार वात सुटत’ याच्या लगोलग ‘दीपतेज मंद होत’ हे तीन शब्द येतात. बाकी सगळे महालाबाहेरचे. हा दिवा तेवढा आतला, रात्रभर तेवलेला. शाहीर होनाजी बाळाच्या ‘घनश्याम सुंदरा’ या भूपाळीमध्ये ‘उठिं लवकरि वनमाळी’ अशी विनवणी आहे, कारण तिथला वनमाळी झोपला आहे. इथे तोच वनमाळी, म्हणजे कृष्ण, नवरा म्हणून बायकोशी बोलतो आणि ‘ऊठ’ न म्हणता ‘पहा’ म्हणतो. दिव्याचे तेज उतरताना ज्याने पाहिले तो जागाच होता, आणि जिला तो ते दाखवतो तीही जागीच असणार.

शेवटच्या अंतऱ्यात सुखदुःख विसरून लयाला गेलेले विश्व पुन्हा आपल्या मूळ स्थितीला येण्यासाठी उठल्याचे तो सांगतो. मैफलीत बरेचदा हा अंतरा गाळला जातो, याची मला चुटपुट लागते. बाहेर बलरामाने सुभद्रेसाठी दुर्योधन ठरवला आहे, तिचा जीव अर्जुनावर आहे आणि उजाडताच कृष्ण-रुक्मिणीला त्या घोळात परतायचे आहे. अंतरा ‘अहा’ या उद्गारावर संपतो. बहुतेक गायक तो आनंदाचा मानून गातात; मला मात्र तो सुस्काऱ्याच्या जवळचा वाटतो.