क्लिनोस्टॅट : चिमट्याने घातलेला घोळ

मंडळी, सापडलं! क्लिनोस्टॅटवरची (गुरुत्वाची दिशा मुळांना कळू नये म्हणून डबी आडव्या आसावर सावकाश फिरवणारं यंत्र) मोहरीची मुळं एकाच बाजूला का वाकत होती, ते कळलं.

डबी फिरत असली की मूलटोपीतले स्टार्चचे कण तळाला बसू शकत नाहीत, ऑक्झिन (वाढीचं संप्रेरक) एका अंगाला साचत नाही, म्हणजे वळायला कारणच नको. तरी सगळी वळलेली, तीही शिस्तीत! उजेड म्हणावा तर खोक्याला आतून काळा कागद. पाणी म्हणावं तर चायना ग्रासचा थर सगळीकडे सारखा ओला.

मग फोटो शेजारी लावून पाहिले. दर डबीत मुळं झाकणाच्या स्टीलच्या चिमट्याशी काटकोनात वळलेली. चिमट्याकडे नाही, त्याच्या उलटही नाही. काटकोनात!

स्टॉपवॉच लावलं. चिमटा वर चढताना ११ सेकंद, उतरताना ९. डीसी गिअर मोटर ओझ्याखाली रेंगाळते, त्यामुळे डबीची चिमट्याशी काटकोनातली एक कड दर फेरीत जरा जास्त वेळ खाली राहते. मुळांनी तेवढा फरकही हेरला. महाराणी रोडवर मोटर घेताना दुकानदाराकडून 'भैया, एकदम कॉन्स्टंट चलेगी' ऐकलं होतं, ते असं. समोरासमोर दुसरा चिमटा लावला आणि वळण जवळपास गेलं. तरी मोटर बदलतोच आहे. भंगारातल्या मायक्रोवेव्हच्या काचेखालची सिंक्रोनस मोटर ५० हर्ट्झला बांधलेली असते, ओझ्याला दाद देत नाही. लाइट जाऊन आली की कधी उलटी सुटते, पण आपल्याला फिरल्याशी मतलब.

मध्येच एक मजा. स्थिर डबीतलं मूळ न चिरडता टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवलं. मागचा भाग फिकट पिवळा, टोकाला मात्र स्टार्चच्या काळ्या-निळ्या कणांची झुंबड, पेशींच्या खालच्या कडेला टेकलेली. आईने सूक्ष्मदर्शकात डोकावून 'बुरशी आली का रे?' विचारलं.

हे लिहितानाच सुचतंय, क्लिनोस्टॅट आठवडाभर बाजूला ठेवावा. इंग्लिश वनस्पतीशास्त्रज्ञ थॉमस नाइटने १८०६ मध्ये बिया पाणचक्कीवर फिरवल्या होत्या. आपल्याकडे बाबांचा ७८ चा (मिनिटाला ७८ फेरे) रेकॉर्ड प्लेअर आहे! केंद्रापासून १२ सेंमीवर बाहेर खेचणारा जोर ०.८ जी (गुरुत्वाच्या ०.८ पट) येतो, म्हणजे मूळ सरळ खाली न जाता सुमारे ३९ अंश बाहेर कलायला हवं. ३३ वर जेमतेम ८-९ अंश, त्यामुळे ७८ च. कोंब तेवढेच आत झुकतील.

रबर मॅट खराब न करता डबी घट्ट बसवायला कोणी काय वापरलंय? दुतर्फी टेप सांगू नका, बाबा घराबाहेर काढतील.