ट्रान्झिस्टर, दुसरी फेरी : स्विच अखेर बसवलं

ट्रान्झिस्टर या व्हिडिओ गेमची पहिली फेरी मी क्रॅश आणि ब्रीच या दोनच फंक्शनवर, म्हणजे लढायच्या शक्तींवर, काढली होती. लांबचा शत्रू ब्रीचने टिपायचा, अंगावर आला की क्रॅश. गेम संपला, आवडलाही. पण निम्मा बघायचाच राहिला होता, हे आता रिकर्शनमध्ये, म्हणजे गेम संपल्यावरच्या या दुसऱ्या फेरीत, कळतंय.

म्हणून या वेळी नियम केलाय: दर अ‍ॅक्सेस पॉइंटला, म्हणजे फंक्शन बदलता येतात त्या थांब्यावर, सगळी मांडणी मोडायची. १६ फंक्शन, आणि प्रत्येक तीन जागी बसतं: थेट हल्ल्याला, दुसऱ्याला जोड म्हणून, नाहीतर पॅसिव्ह. फंक्शन बसवायला मेमरी पुरत नाही, त्यामुळे दर वेळी काहीतरी सोडावंच लागतं.

काल स्पार्कला स्विच जोडलं. अरुंद जागा, समोर दोन क्रीप आणि एक जर्क असे तीन शत्रू. टर्न लावून काळ थांबवला, चाल आखली, सोडली. ठिणग्या पसरल्या आणि दोन्ही क्रीप फिरले ते थेट जर्कवरच किरण सोडायला लागले! टर्नची पट्टी भरेपर्यंत मी नुसती पळत होते आणि माझी लढाई तेच लढत होते.

पण खरी गोष्ट त्यानंतरची. प्रत्येक फंक्शनमागे एक हरवलेला माणूस आहे, आणि ते वेगवेगळ्या जागी वापरलं की त्याची फाइल थोडी थोडी उघडते. स्विच म्हणजे फाराह यॉन-डेल, गेममधल्या क्लाउडबँक शहराचं आकाश रंगवणारी. ज्या शहरात हवामान कसं हवं यावरही लोक मतं देतात, तिथली ही चित्रकार, आणि पहिल्या फेरीत मी तिला एकदाही हात लावला नव्हता. आता रस्त्यावरून जाताना वर बघितल्याशिवाय राहवत नाही.

सुपरजायंटच्या या २०१४ च्या गेमला लोक 'दिसायला सुंदर' म्हणतात. जेन झीची चित्रं आहेतच तशी. पण मला बांधून ठेवलं ते या जोडणीने: लढायची हत्यारं म्हणजेच हरवलेली माणसं. आपण जिला खेळवतो त्या गायिका रेडचा आवाज गेलाय, तरी एक बटण दाबून धरलं की ती उभी राहून संगीतकार डॅरेन कोर्बच्या सुरात सूर मिसळून गुणगुणते. काल लढाई संपल्यावर मी ते बटण बराच वेळ सोडलंच नाही.

मास्क आणि कल ही फंक्शन अजून एकत्र लावलेली नाहीत. आज रात्री तेच.